अकीक घडविणारा कुंभार

वऱ्हाडची भूमी काळ्या पाषाणाची आहे. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या आटलेल्या ओढ्याच्या पात्रातून उन्हाळ्यात चालत गेले, म्हणजे काळ्या-करड्या गोट्यांमध्ये मधूनच एखादा निराळा खडा दृष्टीस पडतो. वरून तो ओबडधोबड असतो. परंतु फुटला म्हणजे त्याच्या पोटात दुधी, तांबूस, करड्या रंगांची वलये एकात एक बसविलेली दिसतात. हाच अकीक होय. कोट्यवधी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारस पसरला आणि थंड होऊ लागला, तेव्हा त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्याने विरघळवून आणलेली सिलिका या पोकळ्यांच्या भिंतींवर थरावर थर अशी साचत गेली. एकेका थराला एकेक रंग आला. गुजरातेतील खंभातचे कारागीर या दगडाचे मणी आणि प्याले शतकानुशतके घडवीत आले आहेत.

अकीक दिसण्यास जितका सुंदर, तितकाच तो घडविण्यास कठीण. त्याचा मोठा कलश कोरावयाचा म्हणजे दगडही तेवढा मोठा हवा, कारागिराचे कित्येक महिने हवेत आणि विकत घेणारा राजाच हवा. तेव्हा युरोपातील कुंभारांच्या मनात एक कल्पना आली : हीच वलये मातीत उमटविता आली तर? अठराव्या शतकात इंग्लंडच्या कुंभारांनी ही कला पुष्कळ पुढे नेली. त्यांपैकी एकाचे नाव सर्व जगात पसरले. त्याचे नाव जोसाया वेजवुड.

जोसायाचा जन्म १७३० साली इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात बर्स्लेम या गावी झाला. वेजवुड घराणे पिढ्यान्‌पिढ्या कुंभारकाम करणारे होते आणि गावही कुंभारांचेच होते. भांडी खेचरांच्या व घोड्यांच्या पाठीवर लादून बाहेर न्यावी लागत, आणि रस्ते असे की, ठिकाणी पोचेपर्यंत त्यांतील कित्येक भांड्यांची खापरे झालेली असत. जोसाया हा भावंडांत सर्वांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असताना, १७३९ साली, त्याचे वडील वारले. त्याची शाळा सुटली आणि तो थोरल्या भावाच्या कारखान्यात कामाला लागला. त्याचा हात चाकावर लवकरच बसला. गरगर फिरणाऱ्या गोळ्यातून भांडे वर उचलण्याचे कसब त्याला जणू उपजतच होते.

परंतु बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला देवी आल्या. दुखण्यातून तो वाचला, पण त्याचा उजवा गुडघा कायमचा अधू झाला. तिकडचे चाक पायाने फिरवावे लागे. कुंभाराच्या मुलाला चाक फिरविता येऊ नये, यापरते दुर्दैव कोणते? १७४४ साली तो रीतसर पाच वर्षांच्या उमेदवारीवर भावाकडे राहिला खरा, परंतु पाय साथ देईना. तेव्हा साचे करणे, नक्षी उठविणे, माती मळणे आणि वेगवेगळ्या माती एकत्र करून पाहणे ही कामे त्याच्याकडे आली. चाकावर बसणारा कुंभार मातीचा आकार पाहतो. जोसाया मातीचा स्वभाव पाहू लागला. कोणती माती भट्टीत किती आटते, कोणती तडकते, कोणत्या द्रव्याने तिला कोणता रंग चढतो, हेच त्याच्या चिंतनाचे विषय झाले. उमेदवारी संपल्यावर भावाने त्याला भागीदार करून घेतले नाही. प्रयोगांत वेळ आणि पैसा दवडणारा भाऊ व्यवहारी माणसाला परवडत नसावा.

१७५४ साली जोसाया टॉमस व्हील्डन याचा भागीदार झाला. व्हील्डन हा त्या भागातील नामांकित कुंभार. कासवाच्या पाठीसारखी ठिपकेदार झिलई आणि अकीकासारखी माती यांसाठी त्याचा कारखाना प्रसिद्ध होता. सुऱ्यांच्या मुठी, तपकिरीच्या डब्या, चहाच्या किटल्या अशा वस्तू तेथे अकीकाच्या मातीच्या होत.

ही अकीकाची माती कशी होई, ते समजून घेण्यासारखे आहे. प्रथम एका पांढरट मातीचे निरनिराळे भाग करीत आणि त्यांत निरनिराळी द्रव्ये मिसळून एकाला तपकिरी, एकाला निळा, एकाला काळसर असा रंग देत. मग या रंगीत मातीच्या पोळ्या लाटून एकीवर एक रचीत. ही चळत कापावयाची, दुमडावयाची, दाबावयाची, पुन्हा कापावयाची. घडीच्या पोळीत जसे पदर सुटतात तसे रंगांचे पदर तिच्यात सुटत. शेवटी तारेने तिचे पातळ काप काढून ते साच्यात दाबून बसवीत. चाकावर ही माती चढविली तर हाताच्या फिरण्याने रंग पुसट होऊन एकमेकांत मिसळतात. म्हणून नाजूक काम साच्यातच करीत. अशा भांड्याचा तुकडा उडाला तरी आतही तीच वलये दिसतात, कारण रंग वरून लावलेला नसतो, तो मातीच्या अंगातच असतो. दुसरी रीत सोपी होती. साध्या भांड्यावर रंगीत मातीची पातळ रबडी ओतून ती फणीने किंवा काडीने फिरवीत. त्यामुळे वरवर अकीकाचा भास होई.

पहिल्या रीतीत एक मोठी अडचण होती. भट्टीत गेल्यावर प्रत्येक माती आटते, आणि रंगाची द्रव्ये मिसळल्यावर तिचे आटणे बदलते. तपकिरी पदर थोडा अधिक आटला आणि पांढरा कमी आटला, की दोहोंच्या सांध्यावर भेग पडलीच. तेव्हा सर्व पदर सारखेच आटतील अशी प्रमाणे शोधून काढणे, हेच यातील खरे गुपित. आकाराशी या गुपिताचा काही संबंध नव्हता, आणि चाकाशी तर मुळीच नव्हता. अधू पायाच्या या माणसाला त्याचे क्षेत्र येथे सापडले.

१७५९ च्या फेब्रुवारीत जोसायाने प्रयोगांची एक वही घातली. प्रत्येक मिश्रणाला क्रमांक, प्रत्येक द्रव्याला सांकेतिक खूण आणि प्रत्येक भाजणीचा निकाल अशी त्याची पद्धत. वही दुसऱ्याच्या हाती पडली तरी त्याला तिच्यातून काही कळू नये, ही सावधगिरी त्याने घेतली होती. वहीच्या आरंभी त्याने आपल्या धंद्याची स्थिती नमूद केली आहे, आणि ती वाचली म्हणजे या तरुणाची दृष्टी किती स्वच्छ होती हे ध्यानात येते. पांढऱ्या भांड्यांचे भाव इतके उतरले होते की, ती चांगली करणे कुंभारांना परवडेनासे झाले होते. कासवाच्या पाठीच्या नकलेत वर्षानुवर्षे कोणी सुधारणा केली नव्हती, म्हणून गिऱ्हाइके तिला कंटाळली होती. अकीकाची माती सुंदर होती हे खरे. परंतु चित्रविचित्र रंगांनी लोकांचे डोळे भरून गेले होते. ज्या कामात आपण निष्णात झालो, तेच बाजारात शिळे झाले आहे, हे कबूल करणे कोणत्याही कारागिराला सोपे नसते. जोसायाने ते कबूल केले आणि प्रयोग चालू ठेवले.

त्याच वर्षी त्याने बर्स्लेम येथे आपल्या नात्यातील वेजवुडांकडून जागा भाड्याने घेऊन स्वतंत्र कारखाना काढला. फिकट सायीच्या रंगाची, हलकी आणि चकचकीत झिलईची मातीची भांडी त्याने सिद्ध केली. १७६५ साली राणी शार्लोट हिने या भांड्यांचा चहाचा संच मागविला आणि पुढील वर्षी जोसाया राणीचा कुंभार म्हणवून घेऊ लागला. या भांड्यांनाही राणीचेच नाव मिळाले. रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिच्यासाठी पुढे १७७४ साली त्याने ९५२ भांड्यांचा संच पुरा केला; त्यावर इंग्लंडमधील हजाराहून अधिक दृश्ये हाताने रंगविली होती. यातून त्याला कीर्ती मिळाली; मात्र नफा फारसा उरला नाही.

१७६२ साली लिव्हरपूलकडे जात असता त्याच्या दुखऱ्या गुडघ्याला इजा झाली आणि त्याला तेथे कित्येक दिवस अंथरुणावर पडून राहावे लागले. त्या मुक्कामात टॉमस बेंटली या बहुश्रुत व्यापाऱ्याशी त्याची ओळख झाली, आणि पुढे ती जन्माची मैत्री ठरली. बेंटलीला ग्रीक व रोमन कलेचे ज्ञान होते, श्रीमंतांची अभिरुची ठाऊक होती. जोसायाला माती कळत होती. दोघांनी मिळून शोभेची भांडी करावयाचे ठरविले.

परंतु गुडघा बरा होईना. १७६८ च्या मे महिन्यात जोसायाने पाय कापून टाकण्याचा निर्णय घेतला. बेशुद्ध करणारी औषधे निघावयास अजून पाऊणशे वर्षांहून अधिक अवकाश होता. फार तर अफूचा अर्क पाजीत. शस्त्रक्रिया घरीच झाली आणि तो तीतून वाचला. त्याच वर्षी त्याचे एक तान्हे मूलही दगावले. तरी काही आठवड्यांत तो पुन्हा कामाच्या पत्रव्यवहाराला लागला. पाय कापल्याचा दिवस तो पुढे दरवर्षी थट्टेने सणासारखा पाळीत असे. लाकडी पायाने कारखान्यात फिरताना सदोष भांडे दिसले की, तो ते त्याच पायाने किंवा काठीने फोडून टाकी, अशी आख्यायिका आहे.

१७६९ च्या जून महिन्यात नवा कारखाना उघडला. प्राचीन इटलीतील एका प्रदेशावरून त्याला एट्रुरिया असे नाव दिले. शेजारून मोठा कालवा जावयाचा होता. त्याची पहिली कुदळ १७६६ साली जोसायानेच मारली होती. १७७७ साली तो कालवा पुरा झाला आणि भांडी होडीतून न फुटता बंदरापर्यंत जाऊ लागली.

एट्रुरियात अकीकाची माती पुन्हा अवतरली. मात्र आता ती किटल्यांसाठी नव्हती, कलशांसाठी होती. जोसायाने आणि बेंटलीने प्राचीन घाटाचे कलश घडविले आणि त्यांना अकीक, ग्रॅनाइट, संगमरवर अशा पाषाणांचे रूप दिले. काही कलश आरपार रंगीत मातीचे असत; पुष्कळांचे अंग सायीच्या रंगाचे असून वर रंगीत रबडीची वलये फिरविलेली असत. मुखवट्यांचे कान आणि त्यांवर सोन्याचा मुलामा अशी त्यांची सजावट. दहा वर्षांपूर्वी ज्या कलेला लोक विटले होते, तिच्यासाठीच आता लंडनमधील त्याच्या दुकानापुढे सरदारांच्या गाड्या थांबू लागल्या. माती तीच होती. तिला योग्य असा आकार मिळाला होता.

येथेच थांबला असता, तरी जोसाया श्रीमंत झाला असता. परंतु पाषाणाचे रूप घेणारी माती त्याला पुरेशी वाटेना. मातीच पाषाणासारखी व्हावी, असा त्याचा ध्यास होता. त्या भागात काळी भांडी पूर्वीपासून होत. कोळशाच्या खाणीतून निघणाऱ्या पाण्यातला लोहयुक्त गाळ आणि मँगनीज मिसळून ती काळी करीत. जोसायाने १७६८ च्या सुमारास या मातीत इतकी सुधारणा केली की, झिलईवाचूनच ती काळीभोर, घट्ट आणि गुळगुळीत निघू लागली. पोलादाचा आघात केला तर तिच्यातून ठिणगी उडे; सोन्याचा कस पाहण्यास ती कसोटीच्या दगडासारखी उपयोगी पडे. या मातीला त्याने बेसाल्ट या काळ्या पाषाणाचे नाव दिले. दख्खनचे पठार याच पाषाणाचे आहे. अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरलेली आहेत, आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघाताने त्यातच खोदले गेले आहे.

यापुढचा शोध सर्वांत दुष्कर होता. जॅस्पर नावाच्या रंगीत मण्यासारख्या दगडाप्रमाणे बारीक पोताची, अंगभर रंग धरणारी माती त्याला हवी होती. तिच्यावर पांढऱ्या मातीची नाजूक चित्रे उठवावयाची होती. अमेरिकेतील चेरोकी लोकांच्या प्रदेशातून पांढरी माती आणण्यासाठी त्याने १७६७ साली एक माणूस पाठविला; अटलांटिक समुद्र ओलांडून आलेली ती थोडीशी माती तो फार जपून वापरी. परंतु खरी किल्ली निघाली ती बेरियमयुक्त अशा एका जड खनिजात, जे इंग्लंडमधील शिशाच्या खाणींत टाकाऊ म्हणून पडलेले असे. हजारो लहान लहान तुकडे भाजले गेले. त्यांवर त्याच्या खुणा आणि क्रमांक आहेत, व त्यांतील पुष्कळ आजही संग्रहालयात जपून ठेवलेले आहेत. कित्येकदा एकाच मिश्रणाचे चार तुकडे एकाच भट्टीतून चार तऱ्हांचे निघत. १७७४-७५ च्या सुमारास ही माती अखेर साधली. फिकट निळ्या अंगावर दुधासारखी पांढरी चित्रे असलेली ही भांडी म्हणजेच वेजवुड, असे समीकरण पुढे रूढ झाले. येथेही व्हील्डनच्या कारखान्यातला पहिला धडाच कामी आला होता : रंग अंगात मुरला पाहिजे, आणि दोन मातींचे आटणे सारखे असले पाहिजे. कोबाल्ट फार महाग असल्यामुळे पुढे पुष्कळ भांड्यांना निळा रंग बाहेरूनच देऊ लागले, हे मात्र नमूद केले पाहिजे.

भट्टीची आंच किती झाली हे कुंभार ज्वाळेच्या रंगावरून ओळखीत. जोसायाला हे अंदाजाचे काम आवडेना. मातीच्या आटण्याचा त्याला आयुष्यभर जाच झाला होता. त्या आटण्यालाच त्याने मोजपट्टी केली. ठरावीक मापाच्या मातीच्या वड्या भट्टीत ठेवावयाच्या, आणि बाहेर काढल्यावर निमुळत्या होत जाणाऱ्या खाचेत त्या कोठपर्यंत शिरतात ते पाहावयाचे. अधिक उष्णता लागली की वडी अधिक आटे आणि खाचेत अधिक पुढे जाई. त्याने काढलेले उष्णतेचे आकडे पुढे बरोबर ठरले नाहीत. परंतु आजची भाजणी कालच्यासारखीच झाली की नाही, हे या साधनाने नक्की कळे. १७८२ साली त्याने त्यावर निबंध सादर केला आणि १७८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. शाळा नवव्या वर्षी सुटलेल्या कुंभाराचा हा सन्मान होता.

एट्रुरियातील शिस्त कडक होती. घंटेवर काम सुरू होई, उशीर झाल्यास दंड होई, आणि पूर्वी सर्व भांडे एकट्याने करणारा कुंभार आता एकच काम जन्मभर करू लागला. कामगारांसाठी त्याने घरे बांधली हे खरे. पण पूर्वीच्या कुंभाराचे स्वातंत्र्य गेले ते गेलेच. त्याच्याकडे मुलेही कामाला असत. ज्या मालकाला भांड्यातील केसाएवढी भेग दिसे, त्याला ही गोष्ट फारशी खटकलेली दिसत नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र त्याला खटकली. इंग्रजांची जहाजे आफ्रिकेतून माणसे पकडून अमेरिकेत व वेस्ट इंडीज बेटांत विकीत असत. ज्या लिव्हरपूल बंदरातून जोसायाची भांडी परदेशी जात, ते या व्यापाराचे मोठे ठाणे होते. त्याच्या चहाच्या पेल्यांत पडणारी साखरही गुलामांच्याच घामाची होती. १७८७ साली हा व्यापार बंद पाडण्यासाठी लंडनमध्ये एक संस्था निघाली. जोसाया तिच्यात सामील झाला. साखळदंडांनी जखडलेला, गुडघे टेकून हात जोडणारा गुलाम असे त्या संस्थेचे चिन्ह होते. जोसायाने आपल्या पांढऱ्या मातीवर काळ्या मातीची ही आकृती उठवून तिच्या लहान चकत्या काढल्या आणि स्वखर्चाने फुकट वाटल्या. त्यांतील काही १७८८ साली अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यालाही पाठविल्या. स्त्रियांनी त्या कंकणांत आणि केसांतील काट्यांत बसवून घेतल्या, पुरुषांनी तपकिरीच्या डब्यांवर जडविल्या. हा व्यापार कायद्याने बंद होण्यास १८०७ साल उजाडले. ते पाहण्यास जोसाया उरला नव्हता.

उतारवयात त्याने आपल्या मातीची शेवटची मोठी परीक्षा घेतली. पोर्टलंडच्या सरदाराकडे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक रोमन कलश होता. गडद निळ्या काचेवर पांढऱ्या काचेचा थर देऊन त्यात मूर्ती कोरलेल्या होत्या. १७८६ साली जोसायाने तो कलश मागून आणला आणि तो जॅस्परच्या मातीत हुबेहूब उतरविण्याचे काम आरंभिले. कधी अंगाला फोड येत, कधी पांढरा थर सुटून येई, कधी छटा जमत नसे. जवळजवळ चार वर्षे ही खटपट चालली होती. बेंटली १७८० सालीच वारला होता. सल्ला विचारावयास तो मित्र आता नव्हता. अखेर निर्दोष प्रतिकृती निघाली आणि १७९० साली ती लंडनमध्ये प्रदर्शित झाली.

३ जानेवारी १७९५ रोजी जोसाया वेजवुड एट्रुरिया येथे निधन पावला. त्याची कन्या सुझना हिचा पुत्र म्हणजे उत्क्रांतिवाद मांडणारा चार्ल्स डार्विन.

तो रोमन कलश पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवण्यात आला. १८४५ साली एका माथेफिरू माणसाने तो फोडला आणि त्याचे दोनशेच्या आसपास तुकडे झाले. ते तुकडे जुळवून कलश पुन्हा उभा करावयाचे ठरले, तेव्हा कोणता तुकडा कोठे बसतो हे पाहण्यास मातीची ती प्रतिकृती उपयोगी पडली.